एकविसाव्याचं काय करायचं?

१६ फेब्रुवारी २०२२च्या सकाळी मी बीजिंग ऑलिंपिकमधली पुरुषांची स्लालम शर्यत फोनवर लावून बसलो होतो, ती आरिफ खानसाठी. त्या ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकुलता एक खेळाडू. गुलमर्गच्या परिसरात वाढलेला, वडिलांचं स्कीच्या सामानाचं दुकान. तीन दिवसांपूर्वी धो धो हिमवर्षावात तो जायंट स्लालममध्ये ४५वा आला होता आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. स्लालममध्ये मात्र तो पहिल्याच फेरीत बाद झाला.

तिथंच फोन ठेवून कामाला लागायला हवं होतं. पण शर्यत सुरू होती, आणि उतारावरून खाली येणारा प्रत्येक माणूस आता पडेल, मग पडेल असं वाटत असताना डोळे काढून घेणं अवघड असतं. दुसरी फेरी होऊन अंतिम यादी पडद्यावर आली. वरची नावं फ्रान्स, ऑस्ट्रिया, नॉर्वे. खाली सरकत गेलो तर एकविसाव्या ओळीत कोरियाचा झेंडा. जंग डोंग-ह्यून. वय ३३.

माझी पहिली प्रतिक्रिया कबूल करतो. मला वाटलं, कोरियन माणूस इथं काय करतोय? हे बर्फावरच्या गोल ट्रॅकवर पळणारे लोक.

त्याच संध्याकाळी चोइ मिन-जोंगनं शॉर्ट ट्रॅकच्या १५०० मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं, पुरुषांच्या रिले संघानं रौप्य जिंकलं. म्हणजे कोरियानं त्या दिवशी साजरं करायचं ते केलंच. एकविसाव्या ओळीतला माणूस मात्र माझ्या डोक्यातून जाईना. पुढचे कित्येक महिने मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत राहिलो आणि वाचता वाचता माझं एक जुनं, आवडतं मत ढासळत गेलं. ते मत माझ्या एकट्याचं नाही, म्हणून हा लेख.

ते मत म्हणजे ‘कोरियाकडून शिका’.

दर ऑलिंपिकनंतर आपल्याकडं हे लेख येतात. हिवाळी असो वा उन्हाळी. एवढासा देश, महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आकाराचा, लोकसंख्या आपल्या राज्याच्या निम्म्याहूनही कमी. युद्धात बेचिराख झालेला. आणि पाहा, पदकं पाहा. मग ‘क्रीडासंस्कृती’ हा शब्द येतो. मग आपल्या शाळांमधली मैदानं, आपले पालक, आपली परीक्षापद्धती. शेवटी इच्छाशक्ती. २०१८मध्ये प्योंगचांगचं ऑलिंपिक संपलं तेव्हा मी स्वतः असा एक लांबलचक मजकूर लिहून मित्रांच्या गटात टाकला होता आणि त्याला बऱ्याच टाळ्या मिळाल्या होत्या. त्यात जंग डोंग-ह्यूनचं नाव नव्हतं. त्या ऑलिंपिकमध्ये तो स्वतःच्या प्रांतात शर्यत करून २७वा आला होता, पण ते शोधायचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आधी त्या पदकांचा हिशेब करू. २०२२पर्यंतच्या सगळ्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून कोरियाची सुवर्णपदकं ३३. त्यातली २६ शॉर्ट ट्रॅकची. पाच स्पीड स्केटिंगची, एक किम युनाचं फिगर स्केटिंगमधलं, एक युन सुंग-बिनचं स्केलेटनमधलं. संपलं. शॉर्ट ट्रॅक म्हणजे १११ मीटरचा एक लंबगोल, कुठल्याही आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात मावणारा. त्याला डोंगर लागत नाही, हिमवर्षाव लागत नाही. १९९२मध्ये हा खेळ पदकांसह ऑलिंपिकमध्ये आला, त्याच वर्षी किम की-हूननं कोरियाला पहिलं हिवाळी सुवर्ण मिळवून दिलं, आणि मग देशानं आपली सगळी ताकद तिथं ओतली. यात हुशारी आहे, मेहनत तर आहेच. मला त्याबद्दल आदर आहे. पण एका रिंगणात मिळवलेलं प्रभुत्व आणि देशभर पसरलेली क्रीडासंस्कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पाहून दुसरी आहे असं गृहीत धरण्याची चूक आम्ही ‘कोरियाकडून शिका’वाले सतत करत आलो.

ती दुसरी गोष्ट तिथं कितपत आहे हे बघायचं असेल तर जिथं पदक येत नाही तिथं बघावं लागेल.

जंग गोसाँगचा. गांगवॉन प्रांताच्या ईशान्य टोकाला, समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये असलेला हा परगणा युद्धविरामाच्या रेषेनं मधोमध कापला गेला आहे. म्हणजे उत्तर कोरियातही एक गोसाँग आहे. दक्षिणेकडच्या गोसाँगमध्ये डोंगरावर हुल्ली नावाचं गाव आहे. भरपूर बर्फ पडणारं. तिथं ‘आल्प्स’ असं भव्य नाव घेतलेलं एक छोटं स्की रिसॉर्ट होतं. गावातली पोरं शाळेच्या वयातच त्या उतारावर स्की करायला शिकायची; जंग त्यातला एक. २००६मध्ये ते रिसॉर्ट बंद पडलं. गिऱ्हाईक सोलच्या जवळच्या, रस्त्यानं पटकन पोचता येणाऱ्या मोठ्या रिसॉर्टकडं गेलं होतं. ज्या उतारानं देशाला त्याचा सर्वोत्तम स्लालमपटू दिला, तो उतार तो पटू अठरा वर्षांचा व्हायच्या सुमारास संपला.

कोरियन स्कीईंगमध्ये मोजायला नावं फार नाहीत. १९६०च्या स्क्वॉ व्हॅली ऑलिंपिकपासून कोरियन अल्पाइन स्कीपटू जात आहेत. त्यातलं मोठं नाव हुर सुंग-वूक. १९८८मध्ये किशोरवयातच कॅल्गरीला गेला आणि २००२पर्यंत सलग पाच ऑलिंपिक खेळला. १९९८मध्ये नागानोला स्लालममध्ये त्याचा क्रमांक आला २१वा. ते कोरियन अल्पाइनचं ऑलिंपिकमधलं शिखर. चोवीस वर्षांनी जंगनं ते गाठलं, ओलांडलं नाही. एकवीस आणि पुन्हा एकवीस.

इथं कुणीतरी म्हणणारच की चोवीस वर्षांत जागचे हलले नाहीत, यात कौतुक कसलं? म्हणून स्लालममधला एकविसावा क्रमांक म्हणजे काय, हे सांगायला हवं.

पुरुषांच्या स्लालममध्ये साधारण ५५ ते ७५ गेटं असतात, लाल-निळी आळीपाळीनं. एक फेरी एक मिनिटाच्या आसपास संपते, म्हणजे सेकंदाला एकापेक्षा जास्त वळण. उतार मऊ बर्फाचा नसतो. त्यात पाणी मुरवून तो काचेसारखा टणक केलेला असतो, नाहीतर पहिल्या दहा जणांतच त्याचा चुरा होईल. तरीही चर पडतातच. आणि कोण कधी उतरणार हे आधीच्या कामगिरीवरून ठरतं. जगातले पहिले पंधरा आधी, मग पुढचे पंधरा, मग गुणांप्रमाणं बाकीचे. म्हणजे जो आधीच वर आहे त्याला गुळगुळीत उतार मिळतो, आणि जो खाली आहे त्याला तीस-पस्तीस जणांनी ओरबाडलेला. खालच्यानं वर येण्यासाठी वाईट उतारावर चांगल्या उतारावरच्यांना हरवायचं असतं. विश्वचषकात तर पहिल्या फेरीतल्या फक्त तीस जणांना दुसरी फेरी मिळते. बाकीचे सामान आवरतात. हजारो किलोमीटरचा प्रवास, एका मिनिटाची शर्यत.

हा जिना चढायचा तर युरोपात राहावं लागतं. विश्वचषकाच्या बहुतेक शर्यती तिथं होतात, आणि गुण मिळवून देणाऱ्या त्याखालच्या पायऱ्याही तिथंच आहेत. ऑस्ट्रियन मुलगा घरून गाडीनं शर्यतीला जातो. कोरियन मुलगा महिनोन्‌महिने परक्या मुलखात हॉटेलात राहतो. प्रशिक्षक, स्कीला मेण लावणारा तंत्रज्ञ, गाडी, डझनभर स्कीच्या जोड्या, सगळं सोबत घेऊन. हे कुणाच्या तरी पैशानं व्हावं लागतं.

अशा परिस्थितीत ५ जानेवारी २०१७ला झाग्रेबच्या विश्वचषक स्लालममध्ये जंग १४वा आला. कोरियन स्कीपटूनं विश्वचषकात मिळवलेली ती सर्वोत्तम जागा. त्याच वर्षी फेब्रुवारीत साप्पोरोच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत, जपान्यांच्या घरात जाऊन, त्यानं स्लालमचं सुवर्ण घेतलं. त्याआधी २०११मध्ये कझाकस्तानातल्या आशियाई स्पर्धेत सुपर कम्बाइन्डचं सुवर्ण.

आता गंमत बघा. तिथल्या नियमांप्रमाणं आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण किंवा ऑलिंपिकमधलं कुठलंही पदक मिळवणाऱ्या पुरुष खेळाडूला सक्तीच्या लष्करी सेवेतून जवळपास सूट मिळते. काही आठवड्यांचं प्राथमिक प्रशिक्षण केलं की झालं. एरवी ऐन उमेदीतली दीड-पावणेदोन वर्षं जातात. मग आशियातल्या मोजक्या देशांतल्या मोजक्या स्कीपटूंमध्ये पहिला येणं याची सरकारी किंमत माणसाच्या आयुष्यातली दीड वर्षं. आणि ज्या शर्यतीत जगातले सगळे दिग्गज उतरले आहेत तिथं चौदावा येणं याची किंमत शून्य. खेळ समजणाऱ्या कुणालाही विचारा या दोहोंतलं अवघड काय. राज्यसंस्थेला खेळ समजत नाही, तिला यादी समजते. ‘क्रीडासंस्कृती’ असं ज्याला आम्ही म्हणत होतो ती बऱ्याच अंशी ही यादी होती.

आणखी एक तपशील, जो मला फार बोलका वाटतो. जंग ज्या हाय-वन संघाकडून खेळत आला त्याची मालक कंपनी कांगवॉन लँड. जोंगसन परगण्यातल्या कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर बेकार झालेल्या मुलखाला जगवण्यासाठी १९९५मध्ये खास कायदा झाला आणि तिथं जुगारघराला परवानगी मिळाली. कोरियन नागरिकांना कायद्यानं प्रवेश असलेला देशातला हा एकमेव कॅसिनो. त्याच कंपनीचं स्की रिसॉर्ट, त्याच कंपनीचा स्की संघ. म्हणजे आपल्याच लोकांनी टेबलावर हरलेल्या पैशावर देशाचा पहिला स्लालमपटू पगारी राहिला. मी नाक मुरडत नाही; संघ होता म्हणून तो टिकला. पण आमच्या लेखांतल्या दूरदृष्टीच्या क्रीडाधोरणात हे कुठं बसवायचं ते मला कळत नाही.

आता प्योंगचांग. कारण ज्या ऑलिंपिकवरून मी तो टाळ्याखाऊ मजकूर लिहिला होता, त्याच ऑलिंपिकमध्ये माझं मत उघडं पडायला हवं होतं.

स्लालम आणि जायंट स्लालम या शर्यती योंगप्योंगला झाल्या. ते १९७५पासूनचं रिसॉर्ट, तिथं विश्वचषकाच्या शर्यतीही झालेल्या. प्रश्न होता डाउनहिलचा. पुरुषांच्या ऑलिंपिक डाउनहिलला वरपासून खालपर्यंत किमान ८०० मीटरची उतरंड लागते आणि कोरियातल्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये ती नव्हती. मग जोंगसनमधला गारीवांग पर्वत निवडला, उंची १५६१ मीटर. हे जंगल संरक्षित होतं. जनुकीय संपत्ती म्हणून सरकारनंच राखलेलं, आणि त्याच्याही आधी जोसन राजवटीत जंगली जिनसेंगसाठी राजाज्ञेनं लोकांना बंद केलेलं. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, पर्याय सुचवले. शेवटी स्पर्धा झाल्यावर जंगल पूर्ववत करू असं वचन देऊन हजारो झाडं तोडली गेली आणि बर्नहार्ड रुसी या स्विस माजी ऑलिंपिक विजेत्यानं आखलेला २८५२ मीटर लांब, ८२५ मीटर उतरंडीचा मार्ग तयार झाला. जंगल वाचवायला म्हणून पुरुष आणि महिलांना मिळून एकच मार्ग ठेवला, याचीही फुशारकी मारून झाली.

शर्यती उत्तम झाल्या. स्विंडाल, गोजा, मायर, आणि एस्तेर लेडेत्स्कानं सुपर-जीमध्ये दिलेला तो धक्का. मी सगळं तोंड उघडं टाकून पाहिलं. खोटं का बोला?

पण कोरियन कुठं होते? देश यजमान, आपल्या जुन्या जंगलातून नवा डोंगर कोरून काढलेला, आणि अल्पाइनसाठी देशाकडं जागा किती? चार. दोन पुरुष, दोन महिला. तयारी करत होते नऊ जण. हा आकडा स्की संघटनेला फार आधीपासून माहीत असायला हवा होता. जागा कशा वाटल्या जातात याचे नियम छापील आहेत. तरी जानेवारी २०१८च्या अखेरीपर्यंत, म्हणजे उद्‌घाटनाला पुरते तीन आठवडेही उरले नसताना, नऊही जण ऑलिंपिकला निघाल्यासारखे सराव करत होते. पाच जणांना सांगितलं गेलं, तुम्ही नाही.

त्यांत क्यंग संग-ह्यून होता. स्लालम-जायंट स्लालम करणारा, जंगचा वर्षानुवर्षांचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. राष्ट्रीय चमूच्या रवानगीचा समारंभ २४ जानेवारीला झाला, तिथं तो चमूबरोबर हजर होता. नंतर त्याला कळलं की आपण चमूत नाही. संघटनेनं पुरुषांच्या दोन जागांपैकी एक तांत्रिक शर्यतींसाठी जंगला आणि दुसरी वेगाच्या शर्यतींसाठी किम डोंग-वूला दिली होती. क्यंगचं म्हणणं, क्रमवारीत मी वर आहे. तो न्यायालयात गेला. अर्ज फेटाळला गेला.

मी निकालावर टीका करत नाहीये. एक तांत्रिक आणि एक वेगवान स्कीपटू नेणं यामागं तर्क आहे. किंबहुना तो तर्क फारच स्पष्ट आहे. ज्या डाउनहिलसाठी एवढं जंगल उतरवलं, तिच्या सुरुवातीच्या फळीवर यजमान देशाचा एकही माणूस उभा नसता तर ते कसं दिसलं असतं? डोंगर आधी ठरला आणि त्या डोंगराला शोभेल असा खेळाडू मग शोधला गेला, हे माझं अनुमान. चूक असेल तर असो. पण माणसाला समारंभाला उभं करून मग घरी पाठवणं यात मात्र अनुमानाला जागा नाही.

त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं लोझानमध्ये बैठक घेऊन उत्तर कोरियाच्या २२ खेळाडूंना खास जागा दिल्या. त्यात तीन अल्पाइन स्कीपटू होते. महिला हॉकीचा संयुक्त संघ झाला. महिनाअखेरीस दक्षिणेतले काही स्कीपटू विमानानं उत्तरेतल्या मासिकर्योंगच्या उतारावर एकत्र सरावासाठी गेले, फोटो जगभर छापून आले. शांतता ही फार मोठी गोष्ट आहे आणि जी तीन उत्तर कोरियन मुलं आली त्यांनी कुणाचं काही हिसकावलं नाही; त्यांच्या जागा वेगळ्या होत्या. तरी एक दिसलंच. जागा निर्माण करता येतात. वरून हवं असेल तर नियम वाकतात, रातोरात बैठक होते, विमान निघतं. क्यंगसाठी ते कुणाला हवं नव्हतं, एवढंच. आणि जंग, सीमेनं कापलेल्या परगण्यातला जंग, या सगळ्या धामधुमीत सराव करून २७वा आला.

‘२७वा’ ही बातमी झाली नाही. कशी होणार? त्याच ऑलिंपिकमध्ये ली सांग-होनं स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लालममध्ये रौप्य मिळवलं आणि कोरियन स्की संघटनेला इतिहासातलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं. हा ली साबुकचा, त्याच जुन्या खाणींच्या मुलखातला. कोबीच्या शेतात केलेल्या घसरगुंडीच्या उतारावर शिकला म्हणून लोक त्याला ‘कोबीपोर’ म्हणतात. ही गोष्ट कोरियन पत्रकारांनी फार हौसेनं सांगितली आणि आम्हीही ती पुढं ढकलली. तिचा अर्थ मात्र कुणी लावला नाही. पदक कोबीच्या शेतातून आलं. गारीवांगमधून नाही.

आता माझ्या विरोधातले मुद्दे. मित्रांशी झालेल्या वादांत ते मी बरेचदा ऐकले आहेत.

पहिला आणि सर्वांत भक्कम: पैसा मर्यादित असतो, मग तो जिथं यश आहे तिथंच घालावा, एकविसाव्यावर का उधळावा? अल्पाइनमध्ये आशियाला मिळालेलं पदक एक, १९५६मध्ये जपानच्या चिहारू इगायाचं स्लालममधलं रौप्य. २००६मध्ये ट्यूरिनला केंतारो मिनागावा चौथा आला, कांस्यपदक ०.०३ सेकंदानं हुकलं. जपानकडं डोंगर आहेत, बर्फ आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तरी ही स्थिती. मग कोरियानं का नादी लागावं?

हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, जर कोरियानं तो खरोखर पाळला असता. अल्पाइन आपल्या आवाक्यातला खेळ नाही असं म्हणून ते गप्प बसले असते तर ठीक. पण अल्पाइनवर पैसा घातलाच गेला. तो डोंगरात गेला. उतार, रज्जुमार्ग, कृत्रिम बर्फाची यंत्रणा, रस्ते, आणि प्योंगचांगमधलं ३५,००० प्रेक्षकांचं ते मैदान, जे उद्‌घाटन आणि समारोपाच्या चार कार्यक्रमांसाठी बांधलं आणि मग पाडलं. काटकसर फक्त माणसांच्या बाबतीत आठवली. त्यामुळं प्रश्न ‘एकविसाव्यावर खर्च का?’ हा नाहीच. दोन आठवड्यांच्या देखाव्याला पैसा असतो आणि वीस वर्षं उतारावर घालवणाऱ्याला नसतो, तो का? हा आहे.

दुसरा मुद्दा: जंग काही बिचारा नाही, त्याला पगार होता, संघ होता, लष्करातून सूट होती. बरोबर आहे. तो बिचारा नाहीच, आणि मी त्याला बिचारा करत नाहीये. उलट त्याच्याकडं दयेनं पाहणाऱ्यांचा मला राग येतो. ‘भाग घेतला हेच मोठं’ हे वाक्य आपण आरिफसाठीही वापरतो. ते पाठ थोपटणं नसून दार लोटून घेणं आहे. भाग घेणारे पुष्कळ असतात; एकविसावा एकच असतो. त्याला त्याच्या मागच्यांनी हरवलेलं नसतं आणि त्यानं त्यांना हरवलेलं असतं, यात उदारमनानं बघण्यासारखं काही नाही, तो निकाल आहे.

बीजिंगमध्ये त्याच शर्यतीत रौप्य मिळवणाऱ्या योहान्नेस स्ट्रोल्झचं उदाहरण घ्या. २०२१मध्ये ऑस्ट्रियानं त्याला राष्ट्रीय चमूतून काढून टाकलं होतं. तो पोलिसात वाहतूक सांभाळत होता आणि स्वतःच्या स्की स्वतःच घासून-पुसून तयार करत होता. जानेवारी २०२२मध्ये अडेलबोडेनची विश्वचषक शर्यत जिंकला आणि महिन्याभरात ऑलिंपिकमध्ये कम्बाइन्डचं सुवर्ण, स्लालमचं रौप्य. चमूतून काढलेला माणूस परत येऊ शकला, कारण त्याच्या आजूबाजूला डोंगर होते, क्लब होते, भाग घ्यायला शर्यती होत्या. क्रीडासंस्कृती हा शब्द वापरायचाच असेल तर मी तो तिथं वापरेन. संस्थेनं हात सोडल्यावरही माणूस ज्यावर उभा राहू शकतो, ते. क्यंगला संघटनेनं सोडलं तेव्हा त्याच्यापुढं न्यायालयाचं दार तेवढं होतं.

कोरियात तर ते उतारच आटत चालले आहेत. जंगचं हुल्लीतलं आल्प्स गेलं. २०२१मध्ये स्टारहिल बंद झालं, २०२२मध्ये पोचॉनचं बेअर्स टाउन. दोन्ही सोलपासून जवळची, जिथं शहरातली मुलं पहिल्यांदा स्कीवर उभी राहायची. हिवाळा आखूड होतोय, मुलंच कमी जन्माला येतायत. जंगची जागा घेणारा कुठून येणार, हा प्रश्न ऑलिंपिक भरवल्यानं सुटला नाही.

हे सगळं मी मराठीत का लिहितोय? एक तर माझा तो जुना मजकूर मराठीत होता, आणि त्याचं परिमार्जनही मराठीतच व्हायला हवं. दुसरं म्हणजे आपल्यालाही आता २०३६चं ऑलिंपिक हवं आहे. यजमानपदाची चर्चा निघाली की प्योंगचांगचं आणि त्याहून जास्त १९८८च्या सोलचं उदाहरण समोर टाकलं जातं: भरवा, म्हणजे खेळ आपोआप रुजतील. तेव्हा कुणीतरी विचारावं की जिथं भरवलं तिथल्या एकविसाव्याचं काय झालं. आमच्या गटात मी हे विचारलं तेव्हा एकानं लिहिलं, ‘पण पदकं तर आली ना?’ आली. सतरा आली. त्या सतरांचा त्या डोंगराशी काय संबंध, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

जानेवारी २०२४मध्ये गांगवॉन प्रांतानं पुन्हा एक ऑलिंपिक भरवलं, युवा खेळाडूंचं हिवाळी ऑलिंपिक. बाकीची अनेक ठिकाणं प्योंगचांगचीच. अल्पाइनच्या शर्यती जोंगसन परगण्यातच झाल्या, पण गारीवांगवर नाही. पलीकडं, कॅसिनोवाल्या हाय-वन रिसॉर्टच्या उतारावर. गारीवांगवर शर्यत होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जंगल पूर्ववत करायचं की नाही यावर सरकार, प्रांत आणि गावकरी यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. गावकऱ्यांचं म्हणणं, तेवढा रज्जुमार्ग तरी राहू द्या, पोटापाण्याचं काही होईल. ते मान्य झालं आणि जानेवारी २०२३मध्ये तो पर्यटकांसाठी सुरू झाला. जिथून स्विंडाल सुटला होता त्या उंचीपर्यंत तो लोकांना घेऊन जातो. वर फळ्यांची पायवाट केली आहे, फोटो काढायला जागा आहे. मग लोक त्याच पाळण्यात बसून खाली येतात.